जांभळी शाई किती दिवस टिकते?

आजोबांचं एक पत्र आम्ही फार प्रेमाने पुसून टाकलं, त्याची ही गोष्ट आहे. म्हणजे निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी आहे रोजच्या लिहिण्यासाठी जांभळी शाई कुठली घ्यावी याची. या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आजोबा मुंबईत एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. आजी चिपळूणजवळच्या गावी. १९५६ साली आत्याचा जन्म झाला, तेव्हा आजोबांनी आजीला पत्र धाडलं. रजा मिळत नाही, बारशाला येता येणार नाही, मुलीसाठी दोन नावं सुचवतो, त्यातलं तुला आवडेल ते ठेव. आजीने एक नाव ठेवलं आणि पत्र ट्रंकेत गेलं. पन्नासएक वर्षं ते तिथेच होतं. आजी गेल्यावर आत्याने ते बाहेर काढलं, छान लाकडी चौकटीत बसवून घेतलं आणि आपल्या दिवाणखान्यात पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलं. आल्यागेल्याला ती ते कौतुकाने दाखवायची. जांभळाच्या रसासारखा गडद रंग, टाकाने लिहिलेलं तिरपं, घोटीव अक्षर.

तेरा वर्षांनी, लॉकडाऊन उठल्यावर मी तिच्याकडे गेले, तेव्हा चौकटीत जवळजवळ कोरा कागद होता. नीट पाहिलं तर कुठेकुठे तपकिरी रेघा. "अगं, हे कधी झालं?" तर आत्यालाही सांगता येईना. रोज समोर होतं, म्हणून रोज कोणी वाचत नव्हतं. फोटोसुद्धा कोणी काढला नव्हता; ज्या घरात दर जेवणाचा फोटो निघतो, त्या घरात.

गंमत म्हणजे ट्रंकेत राहिलेली आजोबांची बाकीची पत्रं अजून तशीच जांभळी आहेत. आणि त्याच ट्रंकेत तळाशी पणजोबांच्याही आधीचं एक मोडीतलं खरेदीखत आहे. त्याची घडी उलगडताना कागदाचे तुकडे पडतात, कडा वाळवीने खाल्ल्यात, पण अक्षर? काल बोरूने लिहून वर वाळू टाकली असावी इतकं काळं.

तेव्हा मी नुकतीच शाईच्या पेनांच्या नादी लागले होते. लॉकडाऊनमध्ये कोणी पाव भाजले, कोणी झाडं लावली; मी फाउंटन पेनं घेतली. आणि पहिल्या महिन्यातच जांभळ्या शाईवर जीव जडला. निळी ही परीक्षेची, काळी फॉर्म भरायची, लाल बाईंची, हिरवी गॅझेटेड ऑफिसरची. जांभळी कोणाचीच नाही, म्हणून ती माझी, असं काहीतरी. रोजनिशी, याद्या, कामाच्या नोंदी, सगळं जांभळं. आत्याकडून परत येताना बसमध्ये मनात आलं, आपण नक्की काय लिहितोय आणि कशावर विसंबून?

मग मी वाचायला लागले.

आधी शब्दच पाहा. 'शाई' हा आपल्याकडे फारसीतून आला. मूळ 'सियाही', म्हणजे काळेपणा. तेव्हा जांभळी शाई म्हणजे शब्दशः जांभळा काळेपणा. आपल्या पूर्वजांना शाई काळी सोडून दुसरी असते हे फारसं मनातच आलं नसावं. त्यांची शाई म्हणजे दिव्याचं काजळ, त्यात डिंक, खल करून करून घोटलेलं. काजळ हा शुद्ध कार्बन. उन्हाने त्याचं काही बिघडत नाही, कारण जळून जे व्हायचं ते त्याचं आधीच झालेलं असतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल आजही वाचता येतात त्यामागे हे काजळ आहे. कागदाला वाळवी लागेल, पाण्याने अक्षर वाहून जाईल, पण उजेडाने काळं पांढरं होणार नाही.

जांभळ्याची कुळकथा वेगळी आहे. आपल्याकडे हा रंग राजाचा वगैरे कधी नव्हता; जून महिन्यात फुटपाथवर पडलेल्या जांभळांचा तो रंग, चपलेला लागणारा. भूमध्य समुद्राकाठी मात्र तो थेट सिंहासनाचा. आजच्या लेबनॉनमधलं टायर हे शहर म्युरेक्स नावाच्या समुद्री गोगलगायीपासून जांभळा रंग काढायचं. गोगलगायीच्या एका ग्रंथीतला चिकट स्राव आधी पांढुरका-पिवळट असतो, मग हवा आणि ऊन लागलं की हिरवट, आणि हळूहळू जांभळा होतो. वास इतका घाण, की रंगाऱ्यांची वस्ती गावाबाहेर ठेवत. १९०९ साली पॉल फ्रिडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायी घेऊन जेमतेम १.४ ग्रॅम शुद्ध रंग मिळवला. बारा हजार जीव, आणि हाती येतो चिमूटभर. रोमन सम्राट डायोक्लेशियनने ३०१ साली बाजारभावाचं एक फर्मान काढलं, त्यात या रंगात रंगवलेल्या रेशमाचा भाव पौंडाला दीड लाख दिनार ठरवला होता.

आणि शाई? ४७० साली पूर्व रोमन सम्राट पहिला लिओ याने कायदाच केला की राजाज्ञेवर सम्राटाची सही असेल ती म्युरेक्सच्या जांभळ्या शाईतलीच, आणि ती शाई दुसऱ्या कोणी बनवायची नाही, मागायची नाही, जवळ ठेवायची नाही. ठेवली तर मालमत्ता जप्त आणि देहदंड. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात सम्राट हिंगुळाच्या लाल शाईत सही करायला लागले. पण ती दौत सांभाळायला एक मोठा मानकरी असायचाच. सम्राट अज्ञान असला तर त्याच्या वतीने कारभार पाहणारा हिरव्या शाईत सही करी. आपल्याकडची हिरव्या शाईतली सही पाहिली की मला उगाच हा मुतालिक आठवतो.

तर एका टोकाला हे. जांभळ्या शाईची दौत घरात सापडली तर मान जाणार. दुसऱ्या टोकाला माझ्या आजोबांचं टेबल, जिथे जांभळी शाई ही कारकुनाला मिळणारी सर्वांत स्वस्त शाई होती. मधे काय घडलं?

मधे घडला मलेरिया.

१८५६ सालची ईस्टरची सुट्टी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीतला विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी पूर्व लंडनमधल्या आपल्या घरी, वरच्या मजल्यावर थाटलेल्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायचा प्रयत्न करत होता. क्विनीन हे तेव्हा मलेरियावरचं एकमेव खात्रीचं औषध. ते दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून यायचं, महाग पडायचं, आणि हिंदुस्थानासारख्या वसाहतींमध्ये साम्राज्याला ते पोत्यांनी लागायचं. पर्किनचे गुरू ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी कल्पना मांडली होती की डांबरातून निघणाऱ्या पदार्थांपासून क्विनीन करता यायला हवं. कल्पना साफ चुकीची होती. पर्किनला मिळाला काळा चिखल. मात्र भांडं धुताना अल्कोहोल घातलं तसा तो चिखल झळझळीत जांभळा झाला. रेशमाच्या तुकड्याला लावून पाहिला. धुतला तरी जाईना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पेटंट घेतलं, कॉलेज सोडलं, वडिलांचे पैसे लावून ग्रीनफर्डला कालव्याकाठी कारखाना काढला. रंगाला नाव मिळालं 'मोव्ह'. १८५८ च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरियाने आपल्या मुलीच्या लग्नात मोव्ह रंगाचा पोशाख घातला आणि लंडनभर जांभळी साथ पसरली. अठरा वर्षांच्या पोराने सम्राटांचा रंग डांबरातून काढून दुकानात आणला.

पर्किनने जो पदार्थ वापरला त्याचं नाव ॲनिलीन. हे नाव आपल्याला अनोळखी वाटतं, पण ते आपलंच आहे. १८४० च्या सुमारास फ्रिट्झशे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने निळीवर प्रक्रिया करून एक तेलकट द्रव काढला आणि निळीच्या पोर्तुगीज नावावरून, 'अनिल' वरून, त्याला ॲनिलीन म्हटलं. पोर्तुगीजांनी ते घेतलं अरबीतून, अरबीने घेतलं संस्कृत 'नील' वरून. एवढंच नव्हे. फ्रिडलेंडरने ज्या म्युरेक्सच्या रंगाची रचना शोधली, तोही निळीचाच रेणू निघाला, फक्त त्याला ब्रोमिनचे दोन अणू चिकटलेले. म्हणजे सम्राटाची दौत काय आणि माझ्या आजोबांची काय, दोन्हींचं आजोळ एकच, नीळ.

आजोळाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. मोव्हच्या पाठोपाठ जर्मनीत कृत्रिम रंगांचे प्रचंड कारखाने उभे राहिले, आणि १८९७ साली बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. शेतातल्या निळीचा भाव कोसळला. बिहारमधल्या चंपारणचे गोरे मळेवाले आपलं नुकसान भरून काढायला कुळांवर उलटले: नीळ लावायच्या सक्तीतून सुटका हवी तर वाढीव खंड द्या, नाहीतर एकरकमी पैसे मोजा. १९१७ साली गांधीजी चंपारणला गेले ते या कुळांच्या बोलावण्यावरून. शाळेत आपण चंपारणचा सत्याग्रह दोन ओळींत पाठ करतो, त्यात जर्मन प्रयोगशाळा कुठे येत नाही.

पर्किनचा मोव्ह काही थेट शाईत गेला नाही. फॅशन बदलली तसा तो मागे पडला. शाईला मिळाला त्याचा धाकटा, जास्त टगा भाऊ. १८६१ मध्ये शार्ल लोथ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मिथिल व्हायोलेट शोधला, आणि काही वर्षांत पॅरिसजवळच्या कारखान्यात तो भरपूर निघायला लागला. याच कुटुंबातलं जेंशन व्हायोलेट तुमच्या ओळखीचं असेल. तोंड आलं की आजी कापसाने जिभेला लावायची ते जांभळं औषध, जे दोन दिवस ओठांवरून जात नसे. त्यावरून या रंगाची ताकद कळेल. थेंबभर रंग बादलीभर पाणी रंगवतो. शाईवाल्याला आणखी काय हवं?

त्याला आणखी एक गोष्ट हवी होती, आणि तीही मिळाली. युरोपात तोवर लिहायची शाई म्हणजे मायफळ आणि हिराकस यांची. मायफळ तेच, बाळगुटीत उगाळतात ते. हिराकस म्हणजे लोखंडाचं क्षार. दोन्ही पाण्यात एकत्र केली की फिकट द्रव तयार होतो, कागदावर हवा लागली की तो काळा पडतो आणि कागदाच्या तंतूंत रुततो. टिकाऊ शाई, पण आंबट; म्हणजे आम्लधर्मी. पिसाच्या लेखणीला त्याचं काही वाटत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात पोलादी निबा आल्या आणि ही शाई त्या खाऊ लागली. मिथिल व्हायोलेटमध्ये ना लोखंड ना तसलं आम्ल. पूड आणा, पाण्यात ढवळा, झाली शाई. निब सुखी, हेडमास्तर सुखी.

हेडमास्तर म्हणायचं कारण फ्रान्स. १८८१-८२ मध्ये ज्यूल फेरी यांच्या कायद्यांनी तिथे प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. लाखो पोरं, प्रत्येकाच्या बाकाला भोक, भोकात चिनीमातीची छोटी दौत, आणि दौतीत जांभळी शाई. सकाळी मास्तर किंवा एखादा मॉनिटर मोठ्या बाटलीतून ओतत फिरायचा. फ्रेंच माणसांच्या किमान तीन पिढ्यांसाठी बालपणाचा रंग हा आहे: जांभळी बोटं, जांभळे डाग पडलेले झगे, वहीत जांभळं शुद्धलेखन आणि त्यावर मास्तरांचा लाल फराटा. १९६५ च्या सप्टेंबरात शिक्षण मंत्रालयाने बॉलपेनला परवानगी दिली आणि दौती कोरड्या पडत गेल्या. एर्बँ या जुन्या फ्रेंच कंपनीची 'व्हायोलेट पाँसे' ही शाई आज विकत घेणारे बरेचसे त्या आठवणीचे गिऱ्हाईक असतात.

ऑफिसांना जांभळ्याचा मोह वेगळ्या कारणाने पडला. झेरॉक्स नव्हतं. एकाच कागदाच्या प्रती काढायच्या तर इतका दाट रंग हवा की पहिल्या कागदावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उतरला तरी वाचता यावा. हेक्टोग्राफ नावाची युक्ती निघाली. जांभळ्या शाईत मूळ प्रत लिहायची, ती जिलेटिनच्या थाळीवर दाबायची, रंग जिलेटिनमध्ये उतरतो, मग त्यावर एकेक कोरा कागद ठेवून उचलायचा. नावात शंभर प्रतींचं आश्वासन. प्रत्यक्षात त्याआधीच अक्षर फिकं व्हायचं. शाळांच्या प्रश्नपत्रिका अशा निघाल्या, आणि रशियातल्या क्रांतिकारकांची चोरटी पत्रकंही. छापखाना लपवता येत नाही, जिलेटिनची थाळी स्वयंपाकघरात खपून जाते. मग कॉपिंग पेन्सिल आली: शिशात तोच रंग, जिभेला लावली की जांभळी होणारी, आणि नंतर खोडता न येणारी. रबरी शिक्क्याची शाईही तीच. तुमच्या सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, कुठल्याशा अर्जाच्या पोचपावतीवर जो जांभळा शिक्का आहे तो याच घराण्यातला. पर्किनचा रंग राणीच्या अंगावरून उतरून तलाठ्याच्या पॅडवर आला, तो असा.

आपल्याकडे शाई बनू लागली ती स्वदेशीच्या हवेत. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. पाण्यात टाका, हलवा, दौत भरा. पुढे घोड्याचा उंट झाला आणि कॅमलिन घराघरांत गेली. तिकडे बंगालमध्ये, आता बांगलादेशात असलेल्या राजशाहीत, १९३४ साली मैत्र बंधूंनी 'सुलेखा' काढली. परदेशी शाईत स्वराज्याच्या गोष्टी लिहायच्या कशा, हा त्यामागचा प्रश्न. आजोबांच्या ऑफिसातली शाई कुठली होती ते घरात कोणाला ठाऊक नाही. बाबांना एवढंच आठवतं की आजोबा गावी आले की उजव्या हाताचं मधलं बोट कायम जांभळं असायचं आणि आजी त्यावर लिंबू चोळायची.

आता त्या कोऱ्या कागदाकडे.

मिथिल व्हायोलेटची ताकद आणि त्याची कमजोरी एकाच जागी आहे. त्याचा रेणू उजेड भरभरून शोषतो म्हणून तर रंग इतका गडद दिसतो. पण शोषलेला उजेड रेणूलाच मोडत जातो. आधी त्याच्या कडेचे मिथिल गट गळतात, रंग किंचित लालसर होतो. मग रेणूचा गाभाच तुटतो आणि रंग संपतो. म्युरेक्सचा जांभळा उन्हात जन्मतो, हा उन्हात मरतो. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्लजवळच्या माँमाजूर टेकडीची चित्रं काढली, त्यातल्या एका चित्राची शाई मुळात जांभळी होती हे संशोधकांना तपासणीनंतर कळलं; आज ते चित्र तपकिरी दिसतं. नवी शाई निघाली, चमकदार, स्वस्त, आणि त्या काळच्या हौशी माणसांनी ती वापरली. आपण काय वेगळं करतो? 'ॲलिस'चा लेखक लुईस कॅरल १८७० पासून वीसेक वर्षं जांभळ्या शाईत लिहीत होता, व्हर्जिनिया वुल्फने 'मिसेस डॅलोवे'चा खर्डा जांभळ्या शाईत लिहिला. ती हस्तलिखितं आपण वाचू शकतो, कारण ती बंद पेट्यांत, अंधारात राहिली. ट्रंकेतल्या पत्रांसारखी.

म्हणजे आत्याने पत्र फेकून दिलं असतं किंवा विसरून गेली असती, तरी ते टिकलं असतं. हे मी तिला सांगितलेलं नाही.

त्याऐवजी मी प्रयोग केला. दिवाळीनंतर माझ्याकडच्या पाच शायांनी जाड कागदाच्या पट्ट्यांवर तेच एक वाक्य लिहिलं, प्रत्येक पट्टी निम्मी काळ्या पुठ्ठ्याने झाकली आणि पुण्यातल्या माझ्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला आतून चिकटवली. होळीला काढली. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण फरक कंपनीपेक्षा जातीचा आहे.

पहिली साधी, स्वस्त, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची जांभळी. लिहायला सर्वांत देखणी, भडक. कॉलेजच्या पातळ वहीत मात्र फुटते, कागदाच्या मागे उतरते, आणि पारदर्शक पेनात भरली तर पेनाला कायमची आपल्या रंगाची करून सोडते. खिडकीत हिचं उघडं निम्मं वाक्य होळीपर्यंत जवळपास गेलं होतं. दुसरी महागडी जपानी. तीही रंगाचीच, पण संयमी, करडेपणाकडे झुकणारी. वाहते इतकी सुरेख की कंटाळवाणी मीटिंगसुद्धा लिहून घ्यावीशी वाटते. (जपान्यांना या रंगाची नावं ठेवायला आवडतं. पायलट कंपनीची एक शाई 'मुरासाकी शिकिबू'. मुरासाकी म्हणजे जांभळा, आणि हे जांभळ्या फळांच्या एका झुडपाचं नाव, तसंच हजार वर्षांपूर्वी 'गेंजी'ची कथा लिहिणाऱ्या लेखिकेचंही.) खिडकीत ही पहिलीपेक्षा सावकाश विटली, पण विटलीच. दोघींवर पाण्याचा थेंब पडला की अक्षराचं तळं होतं. जातीचा गुण, त्याला दोष तरी काय द्यायचा.

तिसरी मायफळ-हिराकसाचीच, पण आधुनिक, आम्लाचं प्रमाण सौम्य केलेली आणि जांभळा रंग मिसळलेली. या जातीत जर्मनीतल्या 'स्काबिओसा'चं नाव पेनवेड्यांत आदराने घेतात. ही शाई लिहिताना मळकट जांभळी असते आणि मिनिटाभरात डोळ्यांसमोर गडद होत जाते. स्वस्त कागदावर जवळपास फुटत नाही. रद्दी दर्जाच्या वहीसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. पण पेन महिन्या-दोन महिन्यांनी धुवायला लागतं, आणि आठवडेच्या आठवडे भरून विसरायचं नसतं. खिडकीत हिचा जांभळेपणा गेला, अक्षर राहिलं: राखाडी, स्पष्ट. चौथी पिगमेंटची, म्हणजे रंगाचा विरघळलेला द्रव नव्हे तर तरंगणारे अतिसूक्ष्म कण. झाकलेलं आणि उघडं निम्मं यात मला फरक दिसला नाही. पाण्यालाही दाद नाही. मात्र पेनात वाळू दिली तर पेनच पिगमेंट होऊन बसतं. आणि रंग थोडा सपाट, पोस्टरसारखा. पहिलीतला जीव हिच्यात नाही. पाचवी तुलनेसाठी, काजळाची काळी. तिला काय व्हायचंय?

या उन्हात एक गोष्ट आठवली. मतदानानंतर बोटावर राहणारी जांभळी खूण जांभळ्या रंगाची नसतेच. म्हैसूरच्या कारखान्यात १९६२ पासून बनणाऱ्या त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, आणि ते कातडीवर उजेडाने गडद होतं. देशातली सर्वांत भरवशाची जांभळी शाई म्हणजे मुळात चांदी.

तर सध्या माझी वाटणी अशी आहे. याद्या, हिशेब, मीटिंगा, मनातली चिडचिड, जे उद्या नकोच आहे, ते सगळं पहिल्या स्वस्त शाईत. ती पुसली जाते म्हणून मी तिच्यात जास्त खरं लिहिते, असंही लक्षात आलंय. रोजनिशी तिसऱ्या शाईत. पाकिटावरचा पत्ता आणि कोणाला द्यायची चिठ्ठी पिगमेंटमध्ये, कारण पावसाळा. आणि महागडी जपानी? ती सुट्टीच्या दिवशी, नुसती. प्रत्येक वस्तूकडून टिकायची अपेक्षा ठेवली तर चहासुद्धा पिता येणार नाही.

गेल्या मे महिन्यात मी पुन्हा आत्याकडे गेले. चौकट उघडली, कागद बाहेर काढला, खोली अंधारी केली आणि मोबाइलचा टॉर्च कागदाला अगदी समांतर, आडवा धरला. टाकाची पोलादी निब जाड कागदावर दाबून लिहिते तेव्हा चर पडतो. शाई गेली तरी चर राहतो. तिरप्या उजेडात त्या चरांच्या सावल्या पडल्या आणि कागदावर, शिवण उसवलेल्या कापडावर टाक्यांची भोकं दिसावीत तसं, काहीतरी उमटलं. आत्या चष्मा पुसत वाकली. आम्ही तास-दीड तास टॉर्च फिरवत होतो आणि मी फोटो काढत होते.

'रजा' वाचता आलं. 'साखर' आलं, आणि त्याच्या पुढे 'दोन शेर'. 'प्रकृतीस जपणे' हे पूर्ण आलं, कारण तिथे त्यांनी फार दाबून लिहिलंय. आत्याचं नाव आलं, स्वच्छ. त्यानंतर 'किंवा' आहे. त्याच्या पुढचा शब्द घडीवर आला आहे, आणि घडीवर कागद इतका घासलाय की चरही उरला नाही. दुसरं नाव काय होतं, हे आजीने आत्याला लहानपणी सांगितलं होतं. आत्याला ते आठवत नाही. तिला वाटतं 'मालती' होतं. बाबा म्हणतात, छे, तीन अक्षरी नव्हतंच ते. सावली पाहून मला पहिलं अक्षर 'भा' वाटतं.

कागद आता एका पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये, कपाटात आहे. भिंतीवर चौकटीत फोटोची छापील प्रत लावलीय, काळ्यात.